संत फ्रान्सिस : दगडांची भिक्षा मागणारा सत्पुरुष

जुने देवालय पडझडीला आले म्हणजे साऱ्या गावाच्या जिवाला चुटपुट लागते. मग कोणी पुढाकार घेतो, कोणी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो, कोणी गाडीभर दगड आणून टाकतो, तर ज्याच्याजवळ काहीच नाही तो अंगमेहनतीने आपला वाटा उचलतो. जीर्णोद्धाराची ही रीत सर्व देशांत व सर्व धर्मांत आहे. आठशे वर्षांपूर्वी इटली देशातील एका तरुणाने असेच एक पडके प्रार्थनामंदिर स्वतःच्या हातांनी बांधून काढले आणि त्या कामातूनच त्याचे सारे आयुष्य पालटले. पुढे जगाने त्याला संत म्हणून ओळखले. तो तरुण म्हणजेच आसिसीचे संत फ्रान्सिस. देवाच्या कामाला कोणता पैसा चालतो, दगडावर दगड बसला म्हणजे काम संपते काय, आणि संत म्हणावे तरी कोणाला, हे तीनही प्रश्न त्यांच्या चरित्रात आलेले आहेत. म्हणूनच जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी हे चरित्र आठवावे असे आहे.

सुखवस्तू घरातील मुलगा

मध्य इटलीच्या उंब्रिया प्रांतात सुबासियो डोंगराच्या उतारावर आसिसी हे गाव वसले आहे. तेथे इ. स. ११८१ किंवा ११८२ मध्ये फ्रान्सिसचा जन्म झाला. वडील पिएत्रो बर्नार्दोने हे कापडाचे मोठे व्यापारी. आईचे नाव पिका. मुलाचा जन्म झाला तेव्हा वडील व्यापारासाठी फ्रान्सला गेले होते. आईने बाळाचे नाव जोव्हान्नी ठेवले होते. परंतु परत आल्यावर वडिलांनी त्याला फ्रान्चेस्को, म्हणजे फ्रेंच, असे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले.

घरात पैशाला तोटा नव्हता. वडिलांच्या दुकानात बसावे आणि मिळालेला पैसा मित्रांच्या मेजवान्यांत उडवावा, रात्री गावातून गाणी म्हणत हिंडावे, असा त्याचा क्रम होता. स्वभाव मात्र मोकळा व दिलदार. सरदार होऊन मोठा पराक्रम गाजवावा अशी त्याची हौस होती. १२०२ मध्ये शेजारच्या पेरूजा शहराशी आसिसीचे युद्ध झाले. त्यात तो पकडला गेला आणि सुमारे एक वर्ष कैदेत राहिला. सुटून आल्यावर दीर्घ आजार भोगला. बरे वाटताच पुन्हा चिलखत घालून लढाईला निघाला. पण स्पोलेटो गावी रात्री त्याला एक स्वप्न पडले आणि तेथूनच तो माघारी फिरला.

त्या काळी कुष्ठरोग्यांना गावाबाहेर काढून देत. फ्रान्सिसला त्यांचा फार तिटकारा होता. त्यांची वस्ती दुरून दिसली तरी तो नाक दाबून तोंड फिरवी. एके दिवशी घोड्यावरून जात असता वाटेत एक कुष्ठरोगी समोर आला. फ्रान्सिस क्षणभर थबकला, मग घोड्यावरून उतरला, त्याच्या हातावर नाणे ठेवले आणि त्या हाताचे चुंबन घेतले. आपल्या जीवनाला खरे वळण कुष्ठरोग्यांच्या सहवासात मिळाले, हे त्याने मरणापूर्वी लिहून ठेवलेल्या आपल्या मृत्युपत्रात नमूद केले आहे. ज्या गोष्टीची किळस वाटत होती तीच गोड वाटू लागली, असा त्याचा अनुभव होता.

पडके मंदिर आणि चोरीचा पैसा

आसिसीच्या तटाबाहेर सान दामियानो नावाचे एक लहानसे चर्च होते. भिंती खचलेल्या, छप्पर मोडकळीस आलेले, आणि सेवेला एक गरीब म्हातारा धर्मगुरू. आत लाकडी क्रूसावर येशूची रंगविलेली प्रतिमा होती. तिच्यासमोर फ्रान्सिस प्रार्थना करीत बसला असता त्या प्रतिमेने आपल्याला हाक मारून आपले पडत चाललेले घर दुरुस्त करण्यास सांगितले, असे त्याला ऐकू आले, अशी कथा आहे.

तरुण रक्ताला धीर कोठला? तो तडक घरी आला, वडिलांच्या दुकानातील भारी कापडाचे गठ्ठे घोड्यावर लादले, फोलिन्यो गावच्या बाजारात जाऊन कापड विकले, घोडाही विकला आणि सर्व पैसा आणून धर्मगुरूसमोर ठेवला. म्हाताऱ्या धर्मगुरूने तो घेण्यास नकार दिला. या मुलाचा उधळेपणा त्याला ठाऊक होता आणि बापाचे भयही होते. तेव्हा फ्रान्सिसने पैशाची थैली खिडकीत टाकून दिली. मंदिर पडत होते, पैसा खिडकीत पडून होता, आणि तरीही धर्मगुरूने त्याला हात लावला नाही.

वडिलांना हे कळले तेव्हा ते संतापाने लाल झाले. फ्रान्सिस सुमारे महिनाभर एका भुयारात लपून राहिला. शेवटी बाहेर आला तेव्हा त्याची दशा पाहून लोकांनी त्याला वेडा ठरविले आणि चिखल व दगड मारले. वडिलांनी त्याला ओढत घरी नेऊन कोंडून ठेवले. ते बाहेरगावी गेले तेव्हा आईच्याने राहवेना आणि तिने मुलाला सोडून दिले. परत आल्यावर पिएत्रोंनी मुलाविरुद्ध नगराच्या पंचांकडे आणि मग बिशपांकडे दाद मागितली.

१२०६ मध्ये बिशप ग्विदो यांच्यासमोर, गावकऱ्यांच्या देखत, हा वाद उभा राहिला. बिशपांनी फ्रान्सिसला स्पष्ट सांगितले की तो पैसा वडिलांना परत केला पाहिजे. जो पैसा सचोटीने आलेला नसेल तो देवाच्या घराला लागलेला देवाला आवडणार नाही. फ्रान्सिसने पैसे तर परत केलेच, पण अंगावरचे कपडेही वडिलांच्याच पैशांचे म्हणून उतरवून त्यांच्या पायाशी ठेवले, आणि यापुढे स्वर्गातील पित्यालाच आपण पिता म्हणू असे जाहीर केले. बिशपांनी पुढे होऊन त्याला आपल्या झग्याखाली घेतले. पिएत्रो पैसे व कपडे उचलून घरी गेले.

या प्रसंगात पित्याला दोष देणे सोपे आहे. परंतु कष्टाने उभारलेल्या धंद्यातील माल न विचारता नेऊन विकला गेला, हेही खरे होते. थोरल्या आशेने वाढविलेला मुलगा भरसभेत दुरावला, याचे दुःख त्यांच्या रागाहून लहान नसावे. पुढे फ्रान्सिस रस्त्यात भेटले की पिएत्रो त्यांना शिव्याशाप देत. तेव्हा फ्रान्सिसनी एका गरीब भिकाऱ्याला बरोबर घेतले, आपल्या भिक्षेतला वाटा त्याला देऊ केला, आणि पित्याने शाप दिला की त्या म्हाताऱ्याने आशीर्वाद द्यावा असे ठरवून घेतले. पित्याचा शाप त्यांच्या मनाला किती लागत होता हे यावरून दिसते.

दगडांची भिक्षा

काही काळ कुष्ठरोग्यांची सेवा करून फ्रान्सिस सान दामियानोला परतले. आता त्यांच्याजवळ पैसा नव्हता. तेव्हा ज्या गल्ल्यांतून ते एके काळी रेशमी कपड्यांत मिरवत होते त्याच गल्ल्यांतून ते दगड मागत फिरू लागले. एक दगड देणाऱ्याला एक पुण्य, दोन देणाऱ्याला दोन, तीन देणाऱ्याला तीन, असा त्यांचा साधा हिशेब असे. काहींनी चेष्टा केली, काहींच्या डोळ्यांत पाणी आले. मिळालेले दगड ते स्वतःच्या खांद्यावर वाहून नेत. गवंडीकाम शिकलेले नव्हते, शरीर नाजूक होते. पण भिंत हळूहळू वर चढू लागली.

म्हातारा धर्मगुरू स्वतः गरीब असूनही या कष्टाळू तरुणासाठी मुद्दाम चांगले जेवण करून ठेवी. हे ध्यानात येताच फ्रान्सिस हातात थाळी घेऊन घरोघर भिक्षा मागू लागले. आपल्याकडील माधुकरीसारखाच हा प्रकार. त्या एकत्र झालेल्या उष्ट्यापाष्ट्या अन्नाकडे पाहून पहिल्या दिवशी त्यांना मळमळून आले, पण ते त्यांनी खाल्ले.

एकदा मंदिरातील दिव्यासाठी ते तेल मागावयास निघाले. एका घराशी आले तो आत त्यांचेच जुने सोबती खेळात रंगलेले. फ्रान्सिसना लाज वाटली आणि ते मागे वळले. थोडे अंतर गेल्यावर स्वतःच्याच भित्रेपणाची त्यांना अधिक लाज वाटली. ते परत आले, आपण लाजून परत फिरलो होतो हे सर्वांसमोर कबूल केले आणि मग तेल मागितले. वर्गणीसाठी ओळखीच्या दारात उभे राहणे किती जड असते, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल.

सान दामियानोनंतर त्यांनी आणखी एक चर्च दुरुस्त केले, आणि मग आसिसीखालच्या सपाटीवरील पोर्त्सिउंकोला हे मोडके प्रार्थनामंदिर हाती घेतले. पोर्त्सिउंकोला म्हणजे लहानसा तुकडा. मंदिर जेमतेम एका खोलीएवढे. देवाने आपल्याला जे घर दुरुस्त करावयास सांगितले ते केवळ दगडमातीचे नसून माणसांचे आहे, हा अर्थ त्यांना हे सर्व झाल्यावर उलगडला, असे त्यांच्या परंपरेत मानतात. परंतु तो अर्थ कळण्यासाठी आधी हाताला चुना लागावा लागला, हे विसरता येत नाही.

बंधूंचा मेळा

१२०८ च्या सुमारास शुभवर्तमानातील वचने ऐकून फ्रान्सिसनी वहाणा व काठीही सोडली, कमरेला दोरी बांधली आणि ते लोकांना साध्या भाषेत उपदेश करू लागले. बर्नार्द नावाचा गावातील एक श्रीमंत गृहस्थ आपले सर्वस्व गरिबांना वाटून त्यांना येऊन मिळाला. बाराजण झाले तेव्हा ते सर्व पायी रोमला गेले आणि १२०९ च्या सुमारास पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या जीवनक्रमाला तोंडी संमती दिली. फ्रान्सिसनी आपल्या संघाला लहान बंधू असे नम्र नाव दिले. श्रम करावे, न मिळाल्यास भिक्षा मागावी, पैशाला शिवू नये, कोणतीही मालमत्ता करू नये, असा त्यांचा नेम होता.

पोर्त्सिउंकोला मंदिर बेनेडिक्ट पंथीय मठाच्या मालकीचे होते. मठाने ते बंधूंना वापरावयास दिले. पण फ्रान्सिसना मालकी नको होती. म्हणून भाडे म्हणून दरवर्षी टोपलीभर लहान मासे मठाला पाठविण्याची प्रथा त्यांनी घातली, आणि मठवाले त्याबदली तेलाचा बुधला पाठवीत. देवस्थान कोणाचे, यावरून जगात कितीतरी वाद झाले. हा वाद एका टोपलीने मिटला होता.

१२१२ मध्ये क्लेरा ही आसिसीच्या सरदार घराण्यातील कन्या घर सोडून या मार्गाला आली. तिच्यासाठी व तिच्या भगिनींसाठी फ्रान्सिसनी दुरुस्त केलेले सान दामियानोच निवासस्थान झाले. १२५३ मध्ये देह ठेवीपर्यंत ती तेथेच राहिली. तीही पुढे संत म्हणून मान्य झाली.

१२१९ मध्ये ख्रिस्ती व मुसलमान यांच्यात इजिप्तमधील दमिएत्ता येथे घनघोर युद्ध चालू होते. अशा वेळी फ्रान्सिस एका बंधूला घेऊन निःशस्त्र शत्रूच्या छावणीत गेले आणि सुलतान मलिक अल-कामिल यांना भेटले. सुलतानाने आपला धर्म सोडला नाही, फ्रान्सिसनीही नाही. पण सुलतानाने त्यांना आदराने वागविले व सुखरूप परत पाठविले. ज्या काळात दोन्हीकडचे लोक एकमेकांना फक्त तलवारीच्या टोकावर भेटत होते, त्या काळातील ही भेट आहे.

एकदा फ्रान्सिस बाहेरगावी असता आसिसीच्या नगरवासीयांनी बंधूंच्या संमेलनासाठी पोर्त्सिउंकोलाजवळ दगडी घर बांधले. परत आल्यावर ते पाहून फ्रान्सिस छपरावर चढले आणि कौले काढून खाली टाकू लागले. घर बंधूंचे नसून नगराचे आहे असे तेथील शिपायांनी सांगितले, तेव्हा कोठे ते खाली उतरले. देवाचे मंदिर बांधण्यासाठी दगड मागणारा हा पुरुष स्वतःच्या घरावर कौल सहन करीत नव्हता.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. लावेर्ना डोंगरावर १२२४ मध्ये ध्यान करीत असता येशूच्या हातापायांवरील जखमांसारख्या खुणा त्यांच्या अंगावर उमटल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. डोळ्यांवर उपाय म्हणून वैद्यांनी तापलेल्या लोखंडाने डाग दिले. अशा यातनांतच त्यांनी सूर्याला बंधू व पाण्याला भगिनी मानून सृष्टीच्या निर्मात्याची स्तुती करणारे गीत रचले. ते विद्वानांच्या लॅटिन भाषेत नसून लोकांच्या बोलीत आहे, आणि इटालियन साहित्यातील अगदी आरंभीच्या रचनांत त्याची गणना होते. त्याच शतकात, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, हे येथे सहज आठवते.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी सायंकाळी पोर्त्सिउंकोला येथे, त्यांच्या इच्छेप्रमाणे उघड्या जमिनीवर निजवलेले असता, फ्रान्सिसनी देह ठेवला. त्यांचा स्मृतिदिन ४ ऑक्टोबरला पाळला जातो.

संतपद म्हणजे काय?

मृत्यूला दोन वर्षेही झाली नव्हती तोच, १६ जुलै १२२८ रोजी, पोप नववे ग्रेगरी यांनी आसिसी येथे येऊन फ्रान्सिस यांना संत म्हणून घोषित केले. ही घोषणा म्हणजे काय, हे थोडे समजून घेण्याजोगे आहे.

ख्रिस्ती धर्माच्या अगदी आरंभी सर्वच श्रद्धावंतांना पवित्र जन म्हणत. पुढे रोमन सत्तेने छळ आरंभला तेव्हा धर्मासाठी प्राण देणाऱ्यांच्या समाधीपाशी दरवर्षी लोक जमू लागले. मृत्यूच्या दिवसाला ते स्वर्गातील जन्मदिवस मानीत. इ. स. ३१३ नंतर छळ थांबला, तेव्हा रक्त न सांडताही तप व सेवा करणाऱ्यांना तोच मान मिळू लागला. संत कोण हे त्या काळी लोकच ठरवीत आणि स्थानिक बिशप त्याला मान्यता देत. पोपने अधिकृतपणे संत घोषित केल्याचे पहिले ज्ञात उदाहरण म्हणजे इ. स. ९९३ मधील ऑग्सबर्गचे बिशप उलरिक यांचे. फ्रान्सिसना संतपद देणाऱ्या ग्रेगरी यांनीच १२३४ मध्ये हा अधिकार पोपकडे राखून ठेवला. पुढे चौकशी अधिक कडक झाली. संत ठरावयाच्या व्यक्तीच्या बाजूने जसा पुरावा मांडीत तसाच तिच्याविरुद्ध शंका काढण्यासाठीही एक अधिकारी नेमलेला असे. १९८३ मध्ये या पद्धतीत मोठे बदल झाले. तरी जीवनाची तपासणी, मग धन्य हे पद व शेवटी संत हे पद, हा क्रम चालू राहिला. चर्चचे म्हणणे असे की पोप कोणाला संत बनवीत नाही. जो देवापाशी आहेच त्याची ओळख लोकांना करून देतो. पूजा देवाची, संताकडे मागावयाची ती केवळ आपल्यासाठी प्रार्थना. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर व त्यांच्या मागून आलेल्यांनी संतांकडे असे मागणेही नाकारले.

फ्रान्सिसना दोन वर्षांच्या आत मिळालेली मान्यता त्यांच्याच पंथातील एका महाराष्ट्रपुत्राला मिळावयास २६५ वर्षे लागली. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिसच्या पंथाचे बंधू होऊन जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर ठार मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. भारतात जन्मलेले ते पहिले घोषित संत. गोव्यातील बाणावली येथे जन्मलेले व श्रीलंकेत सेवा करून १७११ मध्ये निवर्तलेले जोसेफ वाझ यांना हे पद २०१५ मध्ये मिळाले.

इतर धर्मांतही पवित्र पुरुषाची ओळख आहे. मुसलमान ज्याला वली म्हणतात त्याच्या पुण्यतिथीला उरूस भरतो, आणि उरूस या शब्दाचा मूळ अर्थच विवाहसोहळा. यहुदी लोक सदाचारी पुरुषाला त्साद्दिक म्हणतात. बौद्धांत अर्हत व बोधिसत्त्व आहेत. आपल्याकडे तर संतपद देणारी कचेरीच नाही. गावकुसाची भिंत अंगावर कोसळून मरण पावलेल्या चोखामेळ्याला संत कोणी ठरविले? ज्यांच्या ओठी त्याचे अभंग राहिले त्यांनी. इंग्रजीतील सेंट आणि आपला संत हे शब्द कानाला जुळे वाटले तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. लॅटिन शब्दाचा अर्थ पवित्र म्हणून वेगळा काढलेला. संस्कृत शब्दाचे मूळ सत् म्हणजे जे आहे, जे खरे आहे, यात आहे. शब्द वेगळे असले तरी कसोटी एकच दिसते : त्याच्या सहवासात माणसे बदलली काय?

भव्य मंदिर आणि लहान मंदिर

संत घोषित झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १७ जुलै १२२८ रोजी, आसिसीत त्यांच्या समाधिमंदिराचा पाया घातला गेला. बंधू एलिया यांनी हे काम नेटाने चालविले. देशोदेशीचा पैसा येऊ लागला. दान टाकण्यासाठी एलियांनी तेथे संगमरवरी पात्र ठेवले, तेव्हा फ्रान्सिसचे जिवलग सोबती बंधू लेओ यांनी ते फोडून टाकले व त्याबद्दल मार खाल्ला, अशी कथा सांगतात. गरिबीचे व्रत घेतलेल्या पुरुषाच्या नावावर एवढे वैभव असावे काय, हा वाद त्यांच्या पंथात शतकानुशतके चालला. एलियांचीही बाजू होती : लांबून येणाऱ्या हजारो यात्रेकरूंना जागा हवी होती, आणि त्या भिंतींवरील चित्रांतूनच निरक्षर जनतेला संताचे चरित्र वाचता आले.

२६ सप्टेंबर १९९७ रोजी मोठ्या भूकंपात या मंदिराच्या वरच्या भागातील छत कोसळले. पहाटेच्या पहिल्या धक्क्याने झालेले नुकसान पाहण्यासाठी आत गेलेले चौघे, दोन बंधू व दोन तंत्रज्ञ, त्यात मरण पावले. चित्रांचे असंख्य तुकडे कारागिरांनी ढिगाऱ्यातून वेचून काढले व जेवढे जुळले तेवढे जागच्या जागी बसविले. नोव्हेंबर १९९९ मध्ये मंदिर पुन्हा उघडले. पडके घर दुरुस्त करण्याची आज्ञा ज्याला झाली, त्याच्याच घराचा जीर्णोद्धार असा करावा लागला.

पोर्त्सिउंकोला मात्र आजही तेवढेच लहान आहे. १५६९ पासून पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ खपून त्याच्याभोवती एक प्रचंड चर्च उभारण्यात आले, आणि ते इवलेसे मंदिर त्या घुमटाखाली एखाद्या देव्हाऱ्यासारखे राहिले. १८३२ च्या भूकंपात बाहेरच्या मोठ्या वास्तूचा बराच भाग पडला. आतल्या लहान मंदिराला धक्का लागला नाही.

ज्या पैशाने काम सुरू करावयाचे होते तो खिडकीत पडून राहिला, आणि ज्याची काहीच किंमत नव्हती ते मागून आणलेले दगड भिंतीत बसले. एक दगड देणाऱ्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. पण त्यांनी दिलेल्या दगडांवर उभ्या राहिलेल्या छपराखाली क्लेरेसारखी साध्वी चाळीस वर्षांहून अधिक काळ राहिली आणि आंधळ्या होत चाललेल्या संताने सूर्याचे गीत रचले. देवालय बांधून झाल्यावर त्याच्या सावलीत कोण बसतो, दिव्यात तेल कोण घालतो, आणि गावकुसाबाहेरच्याला आत जागा मिळते काय, यावरच जीर्णोद्धार पुरा झाला की नाही हे ठरते. संत फ्रान्सिस यांच्या चरित्राचे सार हेच आहे.